दौरा घाटाखाली, बिल घाटावर

जिल्ह्याचं ठाणं म्हणून बुलढाणा निवडताना इंग्रजांनी हवा पाहिली, रस्ता पाहिला नाही. साहेबाला वऱ्हाडातला उन्हाळा सोसवेना, म्हणून त्यानं अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बंगला बांधला आणि त्याच्या मागोमाग कचेरी वर चढली. आगगाडी मात्र खालीच राहिली. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा घाटाखालून निघून जातो. बुलढाण्याला स्टेशन नाही. जलंबहून खामगावला एक फाटा १८७० मध्ये काढला, तोही कापसासाठी. त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव-जालना मार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्याची सर्वेक्षणं इतक्यांदा झाली आहेत की, गाडी सुरू व्हायच्या आधीच या मार्गावर सर्वांत जास्त प्रवास सर्वेक्षणवाल्यांचा झाला असावा. तोही सगळा भत्त्यावर.

तर असा हा जिल्हा. तालुके तेरा. काही घाटावर, काही घाटाखाली. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही मंडळी वरची. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही खालची. मोताळा घाट उतरल्या उतरल्या पायथ्याशी. वरचा माणूस खाली तपासणीला जातो आणि खालचा माणूस वर बैठकीला येतो. राजूरच्या घाटात दोघांच्या गाड्या एकमेकींना बाजू देतात, आणि दोघंही मनातल्या मनात एकच हिशेब करत असतात: बारा तास भरतात की नाही? संग्रामपूरचा लिपिक आणि लोणारचा लिपिक एकाच जिल्ह्याचे नोकर आहेत, यावर विश्वास बसतो तो केवळ बदलीच्या यादीमुळे.

सरकारी माणूस प्रत्येक प्रवास दोनदा करतो. एकदा रस्त्यानं आणि एकदा कागदावर. पहिल्याला एक दिवस लागतो, दुसऱ्याला एक आर्थिक वर्ष. पहिल्या प्रवासात फार तर टायर पंक्चर होतो, दुसऱ्यात 'त्रुटी' निघते. त्रुटी निघालेलं बिल ज्या टेबलावरून निघालं त्या टेबलावर परत येतं, आणि परतीचा तो प्रवास मात्र फार जलद होतो.

या दुसऱ्या प्रवासाचे आमच्याकडचे वाटाडे म्हणजे बडे बाबू. आमच्या विदर्भात कचेरीतल्या मुख्य लिपिकाला बडे बाबू म्हणतात. हे बडे बाबू निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पद त्यांच्याबरोबरच निवृत्त झालं. त्यांच्या खुर्चीवर आज जो बसतो, त्याला कोणी बडे बाबू म्हणत नाही. सकाळी अकराच्या सुमारास कचेऱ्यांच्या रांगेसमोरच्या चहाच्या टपरीवर ते येतात. समोर चष्म्याचं घर, लाल शाईचं पेन आणि स्टेपलरच्या पिना काढायचं एक लोखंडी चिमटं. हळूहळू माणसं जमतात. कुणी शिक्षण खात्याचा, कुणी आरोग्याचा, कुणी पाटबंधाऱ्याचा. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत प्रवासभत्त्याचं बिल. बडे बाबूंची फी ठरलेली: अर्धा चहा आणि एक आलुबोंडा. त्रुटी मोठी असली तर मिरची जास्त.

परवा एक नवा मुलगा आला. नोकरीला लागून सहा महिने झालेले, कॉलरची इस्त्री अजून शाबूत. त्याचं बिल बडे बाबूंनी नुसतं हातात तोललं आणि विचारलं, "बेटा, तू आधी गेला होता का आधी मंजुरी घेतली होती?"

"साहेबांनी फोनवर सांगितलं, लगेच नीघ म्हणून. मी निघालो."

"मंग तू गेलाच नाही," बडे बाबू म्हणाले.

पोरगा गडबडला. मोबाइलमधला फोटो दाखवू लागला. मेहकर, कार्यालयाची पाटी, खाली तो स्वतः. बडे बाबूंनी फोटो पाहिला, छान आला आहे म्हणाले, आणि मग सगळं समजावून सांगितलं. महिना सुरू व्हायच्या आधी 'संभाव्य दैनंदिनी' द्यायची असते. पुढच्या महिन्यात कुठल्या तारखेला कुठं, कशासाठी, मुक्काम की परत, ते सगळं. ती वरिष्ठांकडून मंजूर झाली की मग महिना सुरू होतो. महिना संपला की प्रत्यक्ष दैनंदिनी. या दोन दैनंदिन्या जुळल्या, तर लेखाशाखेला संशय येतो; नाही जुळल्या, तर त्रुटी निघते. आमच्या भेंडवळच्या घटमांडणीत अक्षय तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षभराच्या पीकपाण्याचं भाकीत सांगतात. पण पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला जिल्हास्तरावरून अचानक बैठक लागणार, हे आधी लिहून देणारा माणूस आमच्या प्रत्येक कचेरीत बसलेला असतो आणि त्याची कुठंही बातमी येत नाही.

नियमांचं मूळ पुस्तक मुंबई नागरी सेवा नियम, १९५९. महाराष्ट्र राज्य त्यानंतर वर्षभरानं जन्मलं. पुढे १९८१-८२ मध्ये राज्यानं पगाराचे, रजेचे, निवृत्तिवेतनाचे नियम आपल्या नावानं नव्यानं केले. प्रवासभत्ता मात्र मुंबईच्या जुन्या घरातच राहिला आणि शासन निर्णयांची ठिगळं लावत लावत चालला. ३ मार्च २०१०चा वित्त विभागाचा शासन निर्णय बडे बाबूंना तोंडपाठ. पुस्तकाच्या जुन्या पानांची त्यांना विशेष माया. प्रवासभत्त्याच्या नियमांत आगबोटीच्या वर्गांचीही तजवीज असते. कोणत्या श्रेणीच्या नोकरानं बोटीत कुठल्या वर्गातून जायचं, हे ठरलेलं. बुलढाणा जिल्ह्यात ही तरतूद वापरायची तर लोणारच्या खाऱ्या सरोवरातच वापरावी लागेल.

मग येतो आठ किलोमीटरचा नियम. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत गेलात, तर तो दौरा नव्हे, ते नुसतं फिरणं. सागवान, येळगाव ही गावं बुलढाण्याच्या इतकी जवळ, की तिथं उन्हातान्हात दिवसभर पाहणी करत फिरलात तरी सरकारच्या दृष्टीनं तुम्ही जागेवरून हललाच नाहीत. त्यामुळे किलोमीटरचा दाखला हा आमच्याकडे नाजूक विषय. एका कचेरीत तर अंतर सात पूर्णांक आठ की आठ पूर्णांक एक, यावरून टेबलाटेबलांत दोन तट पडले होते. गावाचं अंतर कुठपर्यंत मोजायचं? वेशीपर्यंत, ग्रामपंचायतीपर्यंत की शाळेपर्यंत? शाळा सुदैवानं गावाच्या पलीकडच्या टोकाला होती. त्या शाळेच्या तपासण्या त्या वर्षी चांगल्या झाल्या.

अंतरानंतर घड्याळ. दैनिक भत्त्याची, म्हणजे डी.ए.ची, मोठी रेष बारा तासांवर आहे. मुख्यालयातून बारा तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलात, तर पूर्ण भत्ता; कमी राहिलात, तर अर्धामुर्धा. त्यामुळे दैनंदिनीतल्या 'प्रस्थान' आणि 'आगमन' या दोन रकान्यांना आमच्याकडे पंचांगाइतकं महत्त्व. कुणाचंही प्रस्थान सकाळी दहाला होत नाही. सहा पंचावन्नला होतं आणि आगमन सात वाजून पाच मिनिटांनी. माणसं खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, एस.टी. यांच्या सोयीनं धावते. एरवी दोन-दोन तास उशिरा येणारी गाडी दैनंदिनीत मात्र अशी नेमकी पोचते, की महामंडळानं ती दैनंदिनी फ्रेम करून आगारात लावावी.

चिखली पंचवीसेक किलोमीटरवर. चिखलीला जाऊन बारा तास काढायचे म्हणजे कसब लागतं. बडे बाबूंच्या मते, नोकरीत माणूस किती मुरला हे त्याच्या चिखलीच्या बिलावरून कळतं.

आता तिकीट. इथं जरा थांबलं पाहिजे, कारण सरकारी प्रवासातली सर्वाधिक दुःखं या बोटभर कागदावर लिहिलेली आहेत.

पूर्वी एस.टी.चं तिकीट छापील असे. रंगीत, खरखरीत, कंडक्टरनं चिमट्यानं भोक पाडलेलं. ते पाकिटात वर्षभर टिकायचं. आता यंत्रातून गुळगुळीत चिठ्ठी निघते. ही चिठ्ठी उष्णतेनं छापलेली असते, आणि आपला उन्हाळा छपाईच्या यंत्राशी स्पर्धा करतो. मे महिन्यात खामगावच्या बसस्थानकावर उभ्या गाडीत खिशात ठेवलेलं तिकीट काळं पडतं. कपाटात ठेवलेलं पांढरं पडतं. बिल लेखाशाखेत पोचून त्याच्यावर नजर पडेपर्यंत प्रवासाचा पुरावा आपोआप विरून गेलेला असतो. एका बिलाला चार तिकिटं रीतसर जोडली होती, पिनेनं, क्रमवार, खाली सही. बिल परत आलं. शेरा होता: 'कोरे कागद जोडण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.'

म्हणून बडे बाबूंची पहिली शिकवण ही, की तिकीट हातात पडलं की गाडीतून उतरून आधी झेरॉक्सच्या दुकानात जायचं, मग ज्या कामाला आलो त्या कामाला. झेरॉक्सवर मार्गाचं नाव पेनानं लिहायचं, साक्षांकित करून घ्यायचं. झेरॉक्सचे दोन रुपये कुठल्या शीर्षाखाली मागायचे, हे विचारणाऱ्याला ते नुसते बघत राहतात.

त्यात १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट झालं. योजना उत्तम, माझी बहीणसुद्धा खूश. पण एका कार्यालयातले एक सर आणि एक मॅडम एकाच दिवशी, एकाच गाडीनं, शेजारशेजारच्या बाकांवर बसून मलकापूरला गेले. दोघांची बिलं एकाच पाकिटात गेली. परत आली एकाच पाकिटात. 'एकाच मार्गाच्या भाड्यात तफावत दिसून येते. खुलासा सादर करावा.' सरांनी खुलासा केला की, सदर कर्मचारी महिला आहेत. त्यावर उलट विचारणा आली की, तसा पुरावा जोडलेला नाही. मॅडमनी शेवटी आधार कार्डाची प्रत जोडली. अर्ध्या तिकिटात सरकारचे जे पैसे वाचले, ते या पत्रव्यवहाराच्या कागदातच गेले.

आणि काळी-पिवळीचं काय? फाट्यावर दीड तास उभं राहूनही एस.टी. येत नाही, तेव्हा काळी-पिवळीच माणसाला कामावर पोचवते. बारा माणसं आत, दोन मागं लटकलेली, आणि ड्रायव्हर अर्ध्या सीटवर बाहेर डोकं काढून. तिथं तिकीट मागणं म्हणजे सगळ्या गाडीला हसवणं. एकानं मागितलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, जागा देल्ली हेच तिकीट समजा."

मार्गाचाही एक कायदा आहे: जवळचा मार्ग धरायचा. बुलढाण्याहून खामगावला जवळचा रस्ता बोथ्याच्या घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्य चिरून जातो. अस्वलांसाठी आणि बिबट्यांसाठी प्रसिद्ध असं हे २०५ चौरस किलोमीटरचं जंगल. संध्याकाळी स्कूटीवरून एकट्यानं त्यातून जायचं कुणाला जिवावर येतं, म्हणून एक बाई मोताळा-नांदुऱ्याकडून लांबच्या रस्त्यानं आल्या. जादा किलोमीटर अर्थातच कापले. त्यांनी अर्ज केला, मार्गात अस्वल होतं. विचारणा झाली: अस्वल दिसल्याबाबत वन विभागाचं प्रमाणपत्र आहे काय?

जळगाव जामोदच्या माणसांचं भोगणं वेगळंच. बाहेरच्या कुठल्या कचेरीत त्यांचं बिल गेलं की तिथला नवखा लिपिक पहिला शब्द वाचतो आणि दुसरा सोडतो. 'जळगाव हे परजिल्ह्यात असल्याने जिल्ह्याबाहेर जाण्याची पूर्वपरवानगी जोडावी.' मग इकडून पत्र जातं की, आमचं जळगाव आमच्याच जिल्ह्यात आहे, जामोदसकट. माणूस वर्षानुवर्षं आपल्याच तालुक्यात असतो आणि कागदावर खानदेशात केळी मोजत फिरतो.

हे सगळं नीट जमलं, दैनंदिन्या जुळल्या, तिकिटं शिल्लक राहिली, प्रमाणपत्रं लागली (प्रवास प्रत्यक्ष केला आहे, सरकारी वाहन वापरलेलं नाही, हे बिल यापूर्वी मागितलेलं नाही), आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही झाली, की मग खरा प्रश्न उभा राहतो. पैसे आहेत का? सरकारी खर्चाच्या यादीत या खर्चाला 'देशांतर्गत प्रवास खर्च' म्हणतात आणि त्याचा क्रमांक आहे ११. आपल्याकडे पायी चालण्याला लोक अकरा नंबरची गाडी म्हणतात, हा निव्वळ योगायोग. वित्त विभागातल्या कुणीतरी हसत हसत हा आकडा दिला असावा, असं बडे बाबू मानतात. बीम्स नावाच्या प्रणालीवर अनुदान उतरतं. म्हणजे वेतनाचं उतरतं. अकराच्या समोर मात्र शून्य, किंवा शून्यापेक्षा अपमानास्पद अशी काहीतरी रक्कम. अख्ख्या कार्यालयाच्या वर्षभराच्या दौऱ्यांसाठी इतकी, की कोणत्या बिलाला आधी चिकटवावी यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात. 'बीम्सवर नाही' या दोन शब्दांपुढे आमच्याकडे कुणी वाद घालत नाही. जुनी माणसं नशिबात नाही म्हणायची, तोच सूर.

प्रवास वाचवायचा म्हणून मग व्ही.सी. आली. दूरदृश्य प्रणाली. मुंबईचे साहेब पडद्यावर दिसतात, खर्च वाचतो, इंधन वाचतं. फक्त पडदा बुलढाण्यात असतो. त्यामुळे त्या वाचवलेल्या प्रवासासाठी तालुक्यातालुक्यांतून गाड्या येतात, खालच्या तर घाट चढून. साहेब पडद्यावरून विचारतात, "बुलढाणा, आवाज येतोय का?" बुलढाणा एकमुखानं सांगतं, येतोय. पुढचे अडीच तास बुलढाण्याचा नंबर येत नाही. संध्याकाळी गाड्या घाट उतरतात. नंतर बऱ्याच जणांना घरून, मोबाइलवरूनही सामील होता येतं म्हणे. पण घरून सामील व्हायचं म्हणजे मुख्यालयी असायला हवं, आणि तो विषय पुढं येणारच आहे.

एक प्रवास मात्र असा, की त्याचा भत्ता हातात पडतो: निवडणुकीचा. मतदानयंत्रं घेऊन दूरच्या केंद्रावर गेलेला मास्तर दुसऱ्या दिवशी पहाटे परत येतो, डोळे तारवटलेले, गळ्यात ओळखपत्र. साहित्य जमा करतो आणि त्याला मानधन मिळतं. त्या क्षणी लोकशाहीवर त्याचा जो विश्वास बसतो, तो पाहण्यासारखा असतो. बाकी पाच वर्षं तो अकरा क्रमांकाच्या भरवशावर काढतो.

या सगळ्यातला सर्वश्रेष्ठ प्रवासी आमच्या जिल्ह्यात आला तो २०१९च्या हिवाळ्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण वाघ, टी-१-सी-१. लोकांनी त्याला पुढं 'वॉकर' हे नाव दिलं. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी तो टिपेश्वरहून निघाला, तेलंगणातल्या आदिलाबादकडून फिरून, शेतं, रस्ते, नाले ओलांडत, तेराशे किलोमीटरांहून जास्त चालून आमच्या ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर, त्यामुळे त्याची दैनंदिनी तासातासाची, अक्षांश-रेखांशासह, खाडाखोड नाही. देशभर बातमी झाली. टपरीवर चर्चा रंगली आणि एका वनरक्षकानं बडे बाबूंना सहज विचारलं, याचं टी.ए. बिल केलं तर?

बडे बाबूंनी चहा बाजूला ठेवला. लाल पेन काढलं. त्या दिवशी माणूस रंगात आला होता.

"पहिली त्रुटी. फिरती कार्यक्रम मंजूर नाही. दुसरी. राज्याबाहेर गेला, शासनाची पूर्वपरवानगी? नाही. तिसरी. टिपेश्वर ते ज्ञानगंगा जवळचा मार्ग इतका लांब असते का? वाकडा-तिकडा फिरला. जादा अंतर कपात. चौथी. दिवसा झोपला, रात्री चालला. म्हणजे कार्यालयीन वेळेत काम नाही."

"दैनिक भत्ता तरी बसेल," वनरक्षक म्हणाला. "बारा तास काय, पाच महिने मुख्यालयाबाहेर आहे."

"जेवण कुणाचं?"

"रस्त्यात मिळेल ते. गुरं, रानडुक्कर."

"मंग फुकट भोजन झालं. भत्ता कमी. आन त्या गुरांची नुकसानभरपाई वन विभागानं देल्ली असन तर ती वसुली याच्याच बिलातून." बडे बाबू एकेक बोट मोडत चालले होते. "पण खरी गोष्ट पुढंच हाये. दौऱ्याचं प्रयोजन काय?"

वनरक्षक जरा लाजला. "जाणकार म्हणतात, जागा शोधत होता. आणि जोडीदारीण."

"खासगी काम!" बडे बाबूंनी पेनाचं टोपण लावलं. "अख्खं बिल नामंजूर. वर पाच महिन्यांची विनापरवाना गैरहजेरी."

आम्ही सगळे हसलो. एक जण तेवढा हसला नाही. तो प्रतिनियुक्तीवर पाच महिने बाहेर राहून आला होता, आणि त्याच्या बिलावर जवळजवळ याच त्रुटी याच क्रमानं होत्या.

आता मुख्यालयाबद्दल. प्रवासभत्त्याचा सगळा डोलारा या एका खांबावर उभा आहे. प्रवास सुरू होतो तो मुख्यालयातून आणि संपतो मुख्यालयात. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी राहायचं असतं. घरभाडंही त्याच हिशेबानं मिळतं. ग्रामविकास विभागानं २०१९ मध्ये तर गावपातळीच्या कर्मचाऱ्यांसाठी ग्रामसभेचा ठरावच मागितला: हा माणूस खरोखर गावात राहतो, असं गावानं सांगायचं. ग्रामसभा भरली की पहिले पाणी, मग रस्ता, मग गुरुजी रात्री कुठं असतात. शिक्षक संघटनांनी आंदोलनं केली. त्यांचं म्हणणं अगदी बिनबुडाचं नव्हतं. गावात भाड्यानं घर नसतं, पोरांची शाळा नसते, दवाखाना नसतो. म्हणून माणूस खामगावला, चिखलीला, बुलढाण्याला बिऱ्हाड करतो आणि 'अपडाऊन' करतो.

यातून एक अजब प्रकार तयार होतो. घाटाखालच्या एका तालुक्यातला एक लिपिक खामगावला राहतो. रोज सकाळी पन्नासेक किलोमीटर जातो, रोज संध्याकाळी तेवढेच येतो. वर्षाचा हिशेब केला तर त्यानं वॉकरला कधीच मागं टाकलं आहे. हा प्रवास कागदावर अस्तित्वातच नाही, कारण कागदावर तो तिथंच झोपतो, कचेरीच्या मागं. याच माणसाला खामगावला प्रशिक्षण लागलं. सकाळी उठला, अंघोळ केली, चपला घातल्या, गल्लीच्या टोकाला असलेल्या सभागृहात जाऊन बसला. दुपारी घरी जेवला. कागदावर मात्र तो पहाटे मुख्यालयातून निघाला, दोन गाड्या बदलून खामगावला पोचला आणि रात्री उशिरा मुख्यालयी परतला. आयुष्यातला सर्वांत छोटा सरकारी प्रवास, आणि त्याचं बिल सर्वांत मोठं. तिकीट कुठून आणायचं, हे विचारायला तो बडे बाबूंकडे आला. बडे बाबूंनी आलुबोंड्याची बशी त्याच्याकडे परत सरकवली. एवढं एकच काम ते करत नाहीत. न केलेल्या प्रवासाच्या बिलाला हात लावत नाहीत. "केलेल्याचं मिळून नाही राह्यलं," ते म्हणाले, "न केलेल्याचं कायले मांगता?"

या त्यांच्या तत्त्वाचा आदर म्हणून असेल, किंवा दुसरा उपाय नव्हता म्हणून, त्या लिपिकानं ते बिल केलंच नाही. आधीच्या खऱ्याखुऱ्या दौऱ्यांची तीन बिलं मात्र पडून होती. वर्षाच्या आत मागितलं नाही तर हक्क बुडतो, म्हणून ती त्यानं वेळेत लावली होती. मार्च उजाडला. अनुदान नाही. वीस तारीख गेली. अनुदान नाही. एकतीस मार्चला संध्याकाळी सात वाजता कुणीतरी ओरडलं, अकराला आले! बीम्सवर पैसे दिसत होते, आणि रात्री बाराच्या ठोक्याला ते आल्या वाटेनं परत जाणार होते. सगळ्या कचेरीत पळापळ. प्रिंटरमधली शाई संपली. साहेबांची सही घ्यायला एक जण त्यांच्या नातेवाइकाच्या लग्नात हळदीच्या मांडवात जाऊन आला. बिलाच्या कोपऱ्याला हळद लागली. उपकोषागारापुढं रांग, प्रत्येकाच्या बगलेत बिलं, गेटवर चहावाला. सर्व्हर मध्येच बसला, मध्येच उठला. साडेदहाला खामगावची शेवटची गाडी फाट्यावरून निघून गेली. तिचा हॉर्नही ऐकू आला.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना बिलं पारित झाली. तीनपैकी दोन. तिसऱ्यात तारखेची खाडाखोड होती. लिपिक कचेरीत परत आला, दोन टेबलं जोडली, फायलींचा गठ्ठा उशाला घेतला आणि आडवा झाला. झोप येईना. डास होते. शेवटी त्यानं बडे बाबूंना फोन लावला. बडे बाबू जागेच होते. एकतीस मार्चला ते निवृत्तीनंतरही बारा वाजेपर्यंत झोपत नाहीत.

"दोन निघाली, बाबू," तो म्हणाला. "तिसरं अडलं. पण एक विचारायचं होतं. मी सकाळी सहाला घरून निघालो, आता रात्रीचा एक वाजत आला. बारा तास तर कधीच होऊन गेले, मुक्कामही पडला. आजचा डी.ए. लागतो का?"

"कुठं झोपून राह्यला तू?"

"कचेरीत."

"मंग मुख्यालयीच हायेस. डी.ए. काही लागत नाही." बडे बाबू क्षणभर थांबले. पलीकडून चष्म्याचं घर मिटल्याचा आवाज आला. "पण इतक्या वर्षांत मुख्यालयी राह्यल्याचा तुझा हा पहिलाच खरा पुरावा हाये, बेटा. पहाटी चौकीदाराची सही घेऊन ठेवजो."